अस्तराची चेन

खंडाळा
३ नोव्हेंबर २०२४

ताई,

माझं सिलेक्शन झालं! केबिन क्रू!

ही ओळ मुद्दाम पहिली लिहिली. म्हणजे तू न वाचता फाडायला घेतलंस तरी एवढं तुझ्या डोळ्यांखालून जाईल. पुण्याला इंटरव्ह्यू होता. अडीचशे मुली आल्या होत्या, अकरा घेतल्या. सहा जानेवारीला हैदराबादला ट्रेनिंग सुरू. तुझी एअरलाइन नाहीये, घाबरू नकोस. विमानाच्या गॅलीत समोरासमोर यायचो नाही आपण.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस म्हणून पत्र. तुझा कोलकात्याचा पत्ता बँकेच्या पाकिटावर मिळाला, ते चुकून इथे आलं होतं. आपण दोघी मेसेज कायम इंग्लिशमध्ये करायचो, पण हे मराठीत लिहितेय. इंग्लिशमध्ये मला खोटं फार पटकन लिहिता येतं.

तर कामाचं बोलते. बॅग कुठली घेऊ?

हसू नकोस. एअरलाइनच्या मेलमध्ये एवढंच आहे की काळी हवी, केबिन साइज हवी, वर काही नक्षी-बिक्षी नको. बाकी स्वतः बघा. मी गेले बारा दिवस तेच करतेय. वही केलीय वेगळी. कापड की कडक कवच? दांडा एका नळीचा की दोन? चाकं आत बसवलेली की बाहेर आलेली? क्रूच्या मुलींचे व्हिडिओ बघून बघून डोळे लाल झालेत. एक म्हणते महिन्यात वीस दिवस बॅग ओढतो, साधी बॅग सहा महिन्यांत रडते. एक म्हणते चेनवर जाऊ नका, चेनच्या शिवणीवर जा. मला हे सगळं इतकं आवडतंय की विचारू नकोस. आत्या म्हणते, "नवरा बगताना एवढं बगितलंस तरी पुरे."

तुला माहीत आहे मी का विचारतेय. मागच्या वेळी तुझी बॅग मी निवडली होती. जांभळी, कडक, चार चाकांची, बोट लावलं की चारी बाजूंनी फिरणारी. तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की क्रूला काळीच लागते. ती बॅग एक दिवससुद्धा टिकली नाही. त्यामुळे या वेळी तू सांग. एक ओळ लिहिलीस तरी चालेल. नुसतं कंपनीचं नाव लिही, सही पण करू नकोस.

पप्पा मजेत आहेत. जुलैत रिटायर झाले. शेवटच्या वर्षी रेल्वेने सगळ्या गार्ड लोकांच्या लोखंडी पेट्या काढून घेतल्या आणि हातात ट्रॉली बॅग दिली, त्यावर महिनाभर धुसफुसत होते. "पेटीला चाकं नसतात, म्हणून ठेवली तिथं राहते," म्हणे. त्यांची पेटी भंगारात जाणार होती, ती मागून आणलीय. पांढऱ्या रंगात अजून लिहिलंय, प्र. रा. ओव्हाळ, गार्ड. आता दारामागे असते. त्यात तांदूळ ठेवतो.

उत्तर दे ना.

पायल


खंडाळा
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

टपाल लेट असेल. मी धरूनच चाललेय की लेट आहे.

बॅगेचं बरंच पुढे गेलंय. लोणावळ्याच्या बाजारात जिन्याखाली बाजीरावकाका बसतात, बॅगा दुरुस्त करणारे, आठवतात? तुझी शाळेची बॅग त्यांच्याकडेच शिवायचो. शनिवार-रविवारी फिरायला आलेल्या लोकांच्या मोडलेल्या बॅगा त्यांच्याकडे ढिगाने येतात. मी वही घेऊन गेले. त्यांनी वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये लिवलेलं ऱ्हाऊ दे. हितं बस. मेलेल्या बॅगा बग, मंग जित्या घ्यायला शिकशील."

दोन दिवस बसले. जे मरतं ते सगळं सारखंच मरतं, ताई. आधी चाक, मग दांडा, मग चेन. कडक कवच दिसायला छान, पण तडा गेला की संपलं, त्याला शिवता येत नाही. जाड विणीचं नायलॉन फाटलं तर ठिगळ लागतं. चाकं रिव्हेटने ठोकलेली असली तर बॅग फेकायची, स्क्रूने बसवली असली तर दहा मिनिटांत बदलता येतात. आणि चाकं दोन! काका म्हणाले, "चार चाकाची बॅग म्हंजी वरातीतलं घोडं. सपाटीला नाचतंय, उताराला धन्याला सोडून पळतंय. ज्येला रोज चालायचं त्येनं दोन चाकाची घ्यावी. उभी केली की पायावर बसती."

मी वही मिटली.

अजून एक दाखवलं त्यांनी. बॅग पूर्ण रिकामी केली की आत अस्तराला एक बारीक चेन असते. ती उघडली की दांड्याच्या नळ्या आणि चाकांचे स्क्रू दिसतात. "हितली चेन कुनी उगडत न्हाई," म्हणाले, "दांडा मोडंस्तवर. लोकास्नी म्हाईतच नसतंय." त्यांना एका बॅगेत तिथे लग्नाची अंगठी सापडली होती म्हणे. सात वर्षं तिथेच होती.

एक बॅग उसनी आणून मी टेस्ट पण केली. तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भरून आपल्या गल्लीतून खाली स्टेशनपर्यंत आणि परत वर. सरूबाई ओट्यावरून ओरडली, "काय गं पायल, पळून चाललीस का?" दुसऱ्या फेरीला म्हणाली, "आणि परत आणून सोडली व्हय त्यानं?" सगळी गल्ली हसली. पप्पा पण हसले. ते माझ्याबरोबर चालत होते. तीनदा थांबले. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणाले. बीपीचं आहे, गोळी चालू केलीय, तू काळजी करू नकोस.

तू निघालीस ती सकाळ तुझ्या डोक्यात कशी बसलीय ते मला माहीत आहे. आदल्या दिवशी तुमचं भांडण झालेलं. पप्पा म्हणालेले, "कोलकात्याला कोण आहे आपलं? जायचं तर जा, मला सोडायला बोलवू नको." आणि सकाळी तू दार उघडून बाहेर आलीस तर तुझी बॅग पायऱ्यांवरून उलटीपालटी होत खाली चाललीय, आणि पप्पा कठड्याशी हात पुढे करून उभे. बॅग खाली फुटली. कपडे, फाईल, आईचा फोटो. काच पार गटारापर्यंत गेली. तू ओरडलीस, "फेकलीत? तुम्ही माझी बॅग फेकलीत?" आणि मला विचारलंस, "पायल, तू बघितलंस ना?"

मी म्हणाले, मी मोबाईलमध्ये बघत होते.

असो. आता हे लिहिताना पप्पा मागे येऊन उभे राहिले. "ताईला लिहितेस?" म्हटलं हो. "काय?" म्हटलं बॅगेचं. "बॅगेचं सगळं?" म्हटलं, हो, सगळं.

मग ते बाहेर गेले.

पायल


तळेगाव
१९ डिसेंबर २०२४

ताई,

हे हॉस्पिटलमधून लिहितेय. आठ तारखेला सकाळी पप्पा चहा घेत होते आणि कप हातातून सुटला. मला वाटलं निसटला. ते कपाकडेच बघत राहिले. मग तोंड एका बाजूला गेलं. सरूबाईच्या मुलाने गाडी काढली. उजवी बाजू गेलीय आणि वाचा गेलीय. समजतं सगळं. बोलता येत नाही.

हे तुला आत्याने फोनवर सांगितलंय, मला माहीत आहे. आत्याला तू ब्लॉक केलेलं नाहीस. ती इथेच कॉरिडॉरमध्ये उभी राहून बोलत होती, मी समोर बाकावर होते. तू काय म्हणालीस ते मला तिच्या चेहऱ्यावर आधी दिसलं. नंतर तिने सांगितलं. "त्यांनी माझी बॅग फेकली त्या दिवशीच मला घरातून काढलं, आत्या. आता कुणाला भेटायला येऊ?"

आत्याने फोन माझ्यापुढे धरला होता. "घे, तू बोल. बहीन हाय तुजी." मी मान हलवली आणि पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेली होती.

बॅग घेतली. ऑर्डर केलेली ती नेमकी सात तारखेला आली. काळी, नायलॉनची, दोन चाकांची, सगळे स्क्रू उघडता येणारे, पुढे पर्स अडकवायला हूक. एक्स्ट्रा चाकं मिळत नव्हती, ती नंतर मागवू म्हटलं. मी ठरवलं होतं की तिचा पहिला प्रवास हैदराबाद. तर तिचा पहिला प्रवास हा झाला. त्यात आत्ता पप्पांचे दोन लेंगे, डायपर, स्कॅनची पाकिटं, थर्मास आहे. हूकला औषधांची पिशवी. इथल्या गुळगुळीत फरशीवर इतकी छान चालते, ताई. अजिबात आवाज नाही. एक नर्स म्हणाली, "एअर होस्टेस आहेस का गं? त्यांच्याकडे अशीच असते." मी हो म्हणाले.

एक सांगते. परवा दुपारी पप्पा डाव्या हाताने सारखं खाली दाखवत होते. पाणी दिलं, नको. पांघरूण ओढलं, नको. भांडं दिलं तर चिडले, डोळ्यात पाणी आलं. आवाज फुटत नाही ना, घशातून नुसतं घरघर. अर्धा तास मी आणि आत्या अंदाज बांधत होतो. शेवटी मी खाली वाकून बघितलं. बेडची चाकं. चार चाकं, गोल फिरणारी. सफाईवाल्या बाईने बेड सरकवला होता आणि चाकांचा ब्रेक लावायचा राहिला होता. मी पायाने चारी ब्रेक दाबले. पप्पा लगेच शांत झाले. झोपले.

घाटात गाडी उभी केली की गार्डने खाली उतरून चाकांना पाचर लावायची, हँडब्रेक घट्ट आहे का बघायचं, मगच डोकं टेकायचं. छत्तीस वर्षं तेच केलं त्यांनी. आपल्या घरातल्या सिलिंडरच्या ट्रॉलीला पाचर होती. तुझ्या तीनचाकी सायकलला होती. आपल्याला चालायला यायच्या आधी शिकवलंय, उतारावर चाक मोकळं सोडायचं नाही.

ये ना, ताई. रागावूनच ये. बोलू नको माझ्याशी. डॉक्टर म्हणतात असे लोक ओळखीचा आवाज ऐकून सुधारतात. माझा आवाज ते रोजच ऐकतात, त्याने काही होत नाही.

पायल


खंडाळा
१४ जानेवारी २०२५

ताई,

सहा तारीख गेली. मी मेल केला होता की वडील आजारी आहेत. पुढच्या बॅचचं कळवू, असं उत्तर आलं. ते कळवणार नाहीत, तुला माहीतच असेल. बरं, ते जाऊ दे.

पप्पांना घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले आता घरीच करा. म्हणजे काय ते मला कळलं, आत्याला पण कळलं, आम्ही एकमेकींना सांगितलं नाही.

आज लिहिते. चौथ्या पत्रात तरी लिहिते.

बॅग पप्पांनी फेकली नाही.

मी सोडली. मी, पायलने. तू आत केस बांधत होतीस. मी बॅग बाहेर काढून गल्लीत आणली. मला त्या चाकांचं एवढं कौतुक होतं ना, मी तीन आठवडे शोधून निवडलेली बॅग होती ती. मला व्हिडिओ करायचा होता. बॅग आपली आपण चालतेय, मागे डोंगर, मागे धुकं, असा. मी तिला फरशीवर उभी केली, हात काढला आणि चार पावलं मागे आले. मोबाईल धरला. ती चालायला लागली. इतकी सुंदर चालली, ताई. सरळ. मी हसत होते. मग गल्लीचा उतार लागला आणि ती पायऱ्यांकडे धावली.

पप्पा तेव्हा दारात बूट घालत होते. ड्युटीचे काळे बूट, पॉलिश केलेले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. ते तुला सोडायला येणार होते. तू हे कधी बघितलंसच नाहीस, बॅगेकडेच बघत होतीस. एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत ते धावले. घाटात डबे सुटले तर त्यांना अडवायला चढाचा एक वेगळा रूळ असतो, आपल्या गल्लीला फक्त कठडा आहे, तोही तुटका. त्यांचा हात बॅगेच्या दांड्यापासून एवढासा लांब राहिला. वीतभर. तो हात तू बघितलास. तो हात पकडायला पुढे गेलेला होता.

तू ओरडलीस तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मोबाईल खाली केला. ते तुला म्हणाले, "जा तू. गाडी चुकेल." बास.

तो व्हिडिओ चौदा सेकंदांचा होता. त्यात सगळं होतं, बॅग, उतार, पप्पांचा मोजा. तू आत्याच्या जुन्या पिशवीत कपडे भरून गेलीस, स्टेशनवरून गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली आणि मी तो डिलीट केला.

आणि नंतर तुला काय मेसेज केला? पप्पांना माफ कर. त्यांच्याकडून झालं रागात. इंग्लिशमध्ये. तू मला ब्लॉक केलंस ते त्यावरच.

मी त्यांना एकदाच विचारलं, साताठ महिन्यांनी. पप्पा, तुम्ही ताईला सांगितलं का नाही? ते पेटीतले तांदूळ निवडत होते. वर न बघता म्हणाले, "गार्डच्या पोरीनं उतारावर चाक सोडलं, हे मी कोणाला सांगू?" मला वाटलं चिडले. पण मग म्हणाले, "तुझं तू सांग. तुझ्या तोंडून सांगितलंस तर तुला हलकं वाटेल. मी थांबतो."

मी थांबतो, म्हणाले. सिग्नल मिळेपर्यंत गाडी थांबते तसं, त्यात काही विशेष नाही असं. त्या सकाळपासून दोन वर्षं ते थांबलेत. मी दर वेळी पत्र लिहायला बसले की मागे येऊन उभे राहायचे. आता येता येत नाही. आता मी वही उघडली की नुसते बघतात.

आजही बघतायत. मी हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. पहिल्यापासून इथपर्यंत. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही, म्हणून शेवटच्या चार ओळी वाकड्या आल्यात.

हे पत्र मिळालं की फोन कर. आत्याच्या फोनवर कर. मी त्यांच्या कानाला लावते. तुला काही बोलायचं नसेल तर नुसतं पप्पा म्हण.

पायल


खंडाळा
७ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा

ताई,

तू आत्याबरोबर पप्पांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपरिषदेत गेलीयस. चारला तुझी गाडी आहे. तुझी बॅग माझ्यासमोर आडवी आहे, रिकामी करून.

तू आलीस तेव्हा मी दारात होते. पप्पांना नेऊन तोवर दीड दिवस झाला होता. तू गुवाहाटीला होतीस, विमान मिळालं नाही, सगळं कळलं मला. मी तुझ्या पायाकडे बघत होते, वर बघायची हिंमत नव्हती. म्हणून मला दिसलं. तू बॅग गल्लीत उभी केलीस. दोन चाकांची बॅग, उभी केली की हलत नाही. तरी तू वाकलीस, कठड्याजवळचा दगड घेतलास आणि चाकाखाली सरकवलास. तुला कळलं पण नाही तू काय केलंस. मग चप्पल काढून आत गेलीस.

माझीच बॅग आहे, ताई. तीच कंपनी, तोच साइज, तोच हूक. मी एवढ्या वह्या भरून जिथे पोचले तिथे तू न विचारता पोचलेली होतीस.

बुधवारी पोस्टमन आला. मी पाठवलेली चारही पत्रं एका रबरबँडमध्ये. पत्त्यावर राहत नाही, असा शिक्का. तू सप्टेंबरमध्येच फ्लॅट बदललास, आत्याला माहीत होतं, मी तिला विचारलंच नव्हतं. म्हणजे तुला काहीच मिळालेलं नाही. एक ओळसुद्धा नाही. पप्पांना मी म्हटलं होतं, पत्र गेलं, ताईला आता कळेल. ते रोज आत्याच्या फोनकडे बघायचे. सतरा दिवस बघितलं.

पत्रं हातात होती आणि तू आत स्वयंपाकघरात होतीस. दहा पावलं. मी ती तांदळाच्या पेटीत ठेवली.

काल पप्पांच्या पुण्यानुमोदनाला सगळे त्यांच्याबद्दल बोलले. सरूबाई बोलली, बाजीरावकाका लोणावळ्याहून आले होते तेही बोलले. मग तू उभी राहिलीस. तू म्हणालीस, "माझ्या पप्पांनी मी निघाले त्या दिवशी माझी बॅग रागाने फेकून दिली होती. मी दोन वर्षं तेच धरून बसले. त्यांच्या आजारपणातही आले नाही. आज मी त्यांना माफ करते. त्यांनीही मला करावं." बायका रडल्या. आत्या रडली. "मोट्या मनाची हाय पोर," कुणीतरी म्हणालं. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. ट्रेमध्ये बारा ग्लास. मी ते मोजत राहिले.

संध्याकाळी भांडी घासताना मी सुरुवात केली होती. "ताई, ती बॅग पप्पांनी..." तू माझ्या तोंडावर ओला हात ठेवलास. "नको गं. त्या बॅगेचं नाव नको काढू. मी किती वेळाने तिथपर्यंत पोचलेय तुला नाही कळणार. मला पुन्हा मागे नेऊ नको." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तू मला जवळ घेतलंस. साबणाच्या हातांनी.

आता सांग मी काय करू. ज्या माणसाने काही केलंच नव्हतं त्याला तू माफ केलंयस, आणि त्यावर तुझं मन शांत आहे. मी खरं सांगितलं तर तुला कळेल की तू आली नाहीस त्याला काही कारणच नव्हतं. तो इस्त्रीचा शर्ट तुला आयुष्यभर दिसेल. मी रात्रंदिवस स्वतःला सांगतेय की तुझ्यासाठी गप्प आहे. पण मी त्या दिवशीही गप्प होते, ताई, आणि तेव्हा तुझ्यासाठी नव्हते. दोन्ही वेळा आतून अगदी सारखंच वाटलं.

सकाळी तू म्हणालीस, "पायल, तुला बॅगांचं कळतं ना, माझं डावं चाक घासतंय, बघ जरा." तू मला बॅग बघायला दिलीस. मला.

चाकाचं रबर संपलं होतं. बेअरिंग बाद. नवीन चाकं इथे मिळत नाहीत. मी माझी बॅग आणली, तिची दोन्ही चाकं काढली आणि तुझ्या बॅगेला लावली. ती फक्त हॉस्पिटलच्या फरशीवर चाललीयत, नव्यासारखी आहेत. माझ्या बॅगेला आता चाकं नाहीत. दारामागे पप्पांच्या पेटीशेजारी ठेवलीय. ठेवली तिथे राहील.

चाकांसाठी अस्तराची चेन उघडावी लागली. आत दांड्याच्या दोन नळ्या, आठ स्क्रू, आणि मधे बरीच जागा. बाजीरावकाका म्हणाले होते तेच आहे. चार पत्रं सपाट करून बसली. हे पाचवं वर ठेवते.

मी तुला सांगितलं नाही असं मला म्हणायचं नाहीये, आणि सांगितलं असंही म्हणता येणार नाही. पप्पा असते तर म्हणाले असते, हे काय सांगणं झालं? पण मला एवढंच जमलं. तू पुन्हा पुन्हा उडशील, कोलकाता, गुवाहाटी, पोर्ट ब्लेअर, आणि हे तुझ्या हाताच्या मागे मागे येईल. एक दिवस दांडा मोडेल आणि तू कुठल्यातरी शहरात कुठल्यातरी बाजीरावकाकांपुढे उभी असशील.

पण मी ही बॅग नीट बघितलीय, ताई. शिवण दुहेरी आहे. नळ्या ॲल्युमिनियमच्या, जरासुद्धा खेळत नाहीत. स्क्रू आठही मी स्वतः आवळलेत, दोनदा. निदान दहा वर्षं तरी हिला काही होत नाही.

खाली आत्याचा आवाज येतोय. तुझाही. तू हसतेयस कशाला तरी.

चेन लावते.

पायल